भरती लागू दे, मंग सांगते

“भरती लागू दे, मंग सांगते.”

काहीही विचारा, माझ्या या विद्यार्थिनीचं उत्तर ठरलेलं. सहलीला येणार का? स्पर्धेत नाव घालू का? ती वर्गाच्या खिडकीतून खाडीकडे बघायची आणि हे वाक्य म्हणायची. नवी होडी भरतीलाच लोटायची, नवं जाळं भरतीलाच टाकायचं, हा तिच्या घरचा नियम. ही पोर नवी वहीसुद्धा भरती बघून उघडायची.

तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, समोर बसलेलं पण भलतीकडेच हरवलेलं. रेवदंड्याला मी अकरावी-बारावीला मराठी शिकवते. एखादा शब्द आवडला की ही तो दिवसभर तोंडात घोळवायची. संध्याकाळी बंदरावर दिसली, तर पाण्याकडे बघत तोच पुटपुटत असायची. माझा राग कॉलेजात प्रसिद्ध आहे, पण हिच्यावर तो टिकायचा नाही.

बारावीला तिच्या मनाने दिल्लीचं एक कॉलेज घेतलं. तिथे भाषांचा अभ्यास होता. प्रवेश परीक्षेत इंग्रजीशिवाय आणखी एका भाषेचा पेपर दिला, तरच तिथे प्रवेश. नाही दिला तर अलिबाग होतंच, रोज रिक्षाने जाऊन-येऊन.

“मराठीचा दे,” मी म्हटलं.

“बाई, आमची मराठी तिथं चालंल? आमचं हाय-न्हाय ऐकून हसतील.”

“पेपर लिहायचाय, बोलायचा नाहीये.”

ती हसली. मग हळूच म्हणाली, “आन् आय एकटी बोंबील घालंल वाळत?”

खरी अडचण ही होती. जादा पेपर म्हणजे घर सोडणं, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

शेवटच्या दिवशी ती माझ्या घरी लॅपटॉपसमोर बसली. सगळा फॉर्म भरून झाला, जादा भाषेची जागा तेवढी रिकामी. संध्याकाळी फॉर्म बंद होणार आणि भरती लागणार दिवेलागणीनंतर. माझा जीव वर-खाली, आणि बाईसाहेब खिडकीतून खाडीतला चिखल न्याहाळतायत! शेवटी मी तिच्या आईला बोलावून आणलं. ती कामावरून तशीच आली, हाताला मासळीचा वास. तिने सगळं ऐकून घेतलं.

“दिल्लीला समुद्र हाय का गं?”

“न्हाय.”

“मंग तिथल्या कामाला भरती कसली बघतेस? भर.”

तिने भरलं. आई लगेच उठली. बोंबील गोळा करायचेत म्हणाली.

दिल्लीहून पहिल्या वर्षी, काही ठरवायचं असलं की मला फोन यायचा. “बाई, पाणी कुठवर आलंय?” मी बंदरावर जाऊन, बघून सांगायचे. या वयात हा उद्योग, पण मला फार आवडायचा. मग फोन कमी झाले.

काल संध्याकाळी फोनवर तिचं नाव दिसलं, तशी मी सवयीने बोलत बोलत बंदराकडे निघाले. सुट्टीत तिकडेच काम मिळालंय, घरी येणार नाही, तसं तिने ठरवूनही टाकलं होतं. आवाज आनंदी होता. पाण्याचं तिने विचारलं नाही. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

बंदरावर तिची आई उभी होती. लेक सुट्टीत येणार नाही, हे तिला घरी कळलं होतं.

“पाण्याचं इचारलं का तिनं तुमाला?”

“विचारलं. भरती आहे म्हणून सांगितलं.”

समोर ओहोटीने खाडी पार उघडी पडली होती. आम्ही दोघी तिकडेच बघत होतो.

“बरं केलंत,” ती म्हणाली.