बशीतली हळद

दुपारी प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशींवर मी हळदीचा अर्क सोडला. शरीराची राखण करणाऱ्या, पण चवताळलेल्या त्या पेशी हळूहळू निवल्या.

घरी आलो, तर बायको वाटीत हळद कालवून बसलेली. तिच्या अशाच पेशी तिच्याच सांध्यांवर उलटल्यात. हात इतके सुजलेत, की काल हिरव्या बांगड्या वाढवाव्या लागल्या.

"अहो, जमलं का?"

"बशीत जमलं."

"मग माझ्यात कधी?"

बशीपासून माणसापर्यंतची वाट किती लांबची, हे तिला कुठल्या तोंडानं सांगू? लेपातली हळद कातडीखाली सांध्यापर्यंत पोचत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक!

तिचा हात मांडीवर घेतला, वाटी ओढली आणि म्हणालो, "आज जरा जाड लावतो."