घरच्या वाखाचा दोर

लातूरजवळच्या मुरुडात व्यंकटी मांडववाल्याचं नाव काढलं की लोक आधी म्हणायचे, "माणूस कामाचा, पण लई आडमुठा." हे बिरुद त्याला उगीच चिकटलं नव्हतं. गिऱ्हाईक म्हणालं, छताला आमच्या घरचं कापड लाव, की हा मान हलवणार. आमचे वासे पडून आहेत तेच वापर, पुन्हा मान हलणार. मांडव माझा तर सामानही माझं, एवढंच त्याचं म्हणणं. लोक चिडायचे, दोन शब्द सुनवायचे आणि शेवटी त्यालाच बोलवायचे, कारण त्याचा मांडव आजवर कधी कलला नव्हता.

हा आडमुठेपणा आला होता बहात्तरच्या दुष्काळातून. तेव्हा व्यंकटी विशीतला गडी, सरकारी खडी केंद्रावर कामाला होता. बाया खडी फोडायच्या आणि त्यांची लेकरं उन्हात लोळायची, म्हणून मुकादमानं त्याला सावलीचा मांडव घालायला सांगितला. बांबू मुकादमानंच कुठून तरी आणून टाकले. वरून गुळगुळीत, आतून भुंग्यानं पोखरलेले. व्यंकटीनं हातात धरून पाहिले, हलके लागले, पण मुकादमापुढं बोलायचं कसं? गप बांधले. तिसऱ्या दिवशी मांडव खाली आला. लेकरं नेमकी सुकडी खायला आयांकडं गेली होती म्हणून वाचली, पण पाण्याची घागर घेऊन चाललेल्या नागुबाई नावाच्या पोरीच्या खांद्यावर वासा बसला.

सगळं केंद्र गोळा झालं आणि जो तो एकच विचारू लागला, बांधला कोणी? बांबू कोणाचे, हे एकानंही विचारलं नाही. मुकादम तर जीभ गिळल्यासारखा उभा होता. व्यंकटी रोज संध्याकाळी नागुबाईच्या खांद्याची चौकशी करायला जाऊ लागला. खांदा आठ दिवसांत बरा झाला, चौकशी मात्र वर्षभर चालली आणि शेवटी दोघांचं लग्न झालं. तरी लेकरं त्या मांडवाखाली असती तर, हा विचार त्याच्या मनातून कधी गेला नाही.

पुढच्या दहा वर्षांत त्यानं एकेक करून सगळं जमवलं. वासे स्वतः निवडले. दोर स्वतः पिळले. ती विद्या बापाकडून आलेली होती. छताची कापडं नागुबाईनं शिवली. मग ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला. आज या कचेरीचं उद्घाटन, उद्या त्या साहेबांचा सत्कार, मांडवांना नुसता ऊत आला. पण ती सगळी कामं लातूरच्या बड्या मांडववाल्यांकडं जात. मुरुडच्या व्यंकटीला कोण विचारतो?

अशात आप्पासाहेबांच्या लेकीचं, सिंधूचं लग्न ठरलं. आप्पासाहेब म्हणजे गावातलं मोठं घर. नव्या जिल्ह्याचे निम्मे साहेब लग्नाला येणार होते. एवढ्या लोकांसमोर मांडव उठून दिसला, तर लातूरची वाट मोकळी होणार होती. व्यंकटीला हे कळत होतं आणि नागुबाईला त्याहून जास्त कळत होतं.

बोलणं करायला गेला तेव्हा आप्पासाहेब म्हणाले, "वासे तुझे, कापड तुझं. दोर मात्र आमचा. आमच्या घरात लग्नाचा मांडव घरच्या अंबाडीच्या दोरानंच बांधायची रीत हाय. आव्वानं मजूर लावून पिळून ठेवलाय."

आव्वा म्हणजे त्यांची आई, गुरम्मा. दोराची वेटोळी ओसरीवर रचून ठेवली होती. दोर चांगला जाडजूड होता. व्यंकटीनं एक पीळ उकलला, दोन बोटांत धरून वाकवला आणि तो तट्‌कन तुटला.

काय झालं असेल ते त्याच्या लगेच ध्यानात आलं. अंबाडी कापली की तिच्या पेंढ्या दहा-पंधरा दिवस पाण्यात बुडवून ठेवाव्या लागतात. तेव्हा कुठं साल सुटते आणि मऊ, चिवट वाख निघतो. त्या साली पावसानं हात आखडता घेतला होता. आप्पासाहेबांच्या विहिरीनं चौथ्या-पाचव्या दिवशीच तळ दाखवला असणार आणि अर्धीकच्ची अंबाडी तशीच सोलून पिळलेली असणार. दोर जाड दिसत होता तो सालीमुळं.

"मालक, ह्या दोरानं म्या मांडव बांधणार न्हाई," व्यंकटी म्हणाला.

आप्पासाहेबांचा चेहरा तांबडा झाला. "तीन पिढ्यांची रीत हाय. तुला नसंल जमत, तर लातुराहून मांडववाला आणतो."

"आणा. पण आधी ह्या दोराची परीक्षा घेऊ. तुमच्या अंगणात, तुमच्या भावकीसमोर. सांजपर्यंत टिकला, तर ह्या मुरुडात म्या पुन्हा मांडवाला हात लावणार न्हाई."

घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा नागुबाईनं कपाळाला हात लावला. "आवं, एवढी मोठी पैज कशाला मारलीत? टिकला तर खायचं काय?"

"न्हाई टिकणार."

"आन् टिकला तर?"

रात्रभर व्यंकटी कूस बदलत राहिला.

सकाळी आप्पासाहेबांच्या अंगणात दोन मेढी रोवल्या, वर आडवा वासा घरच्या दोरानं बांधला आणि त्याला वाळूची दोन पोती टांगली. ज्वारीची पोती टांगायची त्या साली कोणाची छाती नव्हती. भावकी येऊन बसली. दहा वाजले, अकरा वाजले, दोर जागचा हलला नाही. आप्पासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. कोणीतरी विचारलं, "काय व्यंकटी, आता कुठला धंदा बघणार?" लोक हसले. व्यंकटी खाली मान घालून बसला. आपण दहा वर्षांचा संसार एका दोरावर टांगला, असं त्याला वाटू लागलं.

बाराच्या पुढं ऊन चढलं. दोरातला होता नव्हता ओलावा सुकला. आधी गाठीपाशी बारीक कुरकुर ऐकू आली, मग एक पीळ गेला, आणि पुढच्याच क्षणाला वाळूची पोती धाडकन खाली आली. ज्यानं नवा धंदा विचारला होता, तो धोतर सावरत पळाला.

गुरम्मा उठल्या, तुटलेलं टोक हातात घेतलं आणि लेकाला म्हणाल्या, "विहीर आटली तवा वाख कच्चा निघाला, मला ठाव हुतं. रीत मोडू नये म्हणून बोलले न्हाई. माझी चूक हाय." त्या वयात, त्या घरात, भावकीसमोर असं म्हणायला धाडस लागतं.

त्यांचा उतरलेला चेहरा बघून व्यंकटीला जिंकल्याचा आनंदच होईना. तो म्हणाला, "आव्वा, तुमचा दोर वाया जायचा न्हाई. मुहूर्तमेढीला आंब्याचे डहाळे त्यानंच बांधू. पहिली गाठ तुमच्या हातची. वजनाच्या गाठी माझ्यावर सोडा."

तसंच झालं. गुरम्मांनी हळदीच्या हातानं पहिली गाठ मारली आणि बाकीच्या तीनशे गाठी व्यंकटीनं आपल्या दोरानं मारल्या. लग्नाच्या दिवशी, अक्षता पडायला थोडा वेळ असताना, रानाकडून वावटळ उठली. शेजारच्या गोठ्यावरचा पत्रा उडाला, पत्रावळी गावभर पांगल्या. मांडव फुगला, करकरला आणि तिथंच उभा राहिला. खाली हजार माणसं बसली होती, बायकांच्या मांडीवर लेकरं होती. व्यंकटीनं प्रत्येक खांबाजवळ जाऊन दोर चाचपला आणि मग एका कोपऱ्यात जाऊन चक्क रडला. नागुबाईनं ते लांबूनच पाहिलं.

पंधरा दिवसांनी आप्पासाहेबांचा निरोप आला. लातुराहून एक साहेब आले होते. नव्या इमारतीच्या कार्यक्रमाला तोच मांडववाला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. व्यंकटी धुतलेला सदरा घालून ओसरीच्या पायरीशी जाऊन उभा राहिला. साहेब म्हणाले, "वासे अन् दोरखंड आमच्याकडं भरपूर पडून आहेत, ते वापरा. तुम्ही फक्त कापड आणा."

एवढं चालून आलेलं काम आता हातचं जाणार, हे व्यंकटीला दिसत होतं. तरी 'न्हाई' म्हणायला त्यानं तोंड उघडलं.

त्याआधीच आप्पासाहेब बोलले. "साहेब, तसं जमायचं न्हाई. तो सगळं सामान आपलंच वापरतो." मग त्यांनी सतरंजीवर बाजूला सरकून जागा केली. "बस व्यंकटी, वर बस. किती वासे लागतील ते साहेबांना तूच सांग."