जर्मनीचं ढेकूळ

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या शिरपूरकडे पाण्याच्या घागरीखाली मातीची चार ढेकळं ठेवतात. एकेक ढेकूळ म्हणजे पावसाचा एकेक महिना. जे जास्त भिजेल, त्या महिन्यात पाऊस जास्त. यंदा मी शेजारी आणखी तीन सरकवली : जर्मनी, फ्रान्स, इटली. सूतगिरणीत माझं काम निर्यातीचं. तिकडची सरकारं टिकतील का, मंदी हटेल का, असा पुढच्या वर्षाचा अंदाज मला लिहून द्यायचा होता आणि तज्ज्ञांचे अहवाल वाचून डोकं उठलं होतं. म्हटलं, मातीच सांगू दे.

दुपारभर घागर पाझरत राहिली. त्या गारव्यात माझा डोळा लागला आणि ओल्या मातीच्या वासात न पाहिलेल्या शहरांवरून ढग सरकत गेले. जाग आली तेव्हा फ्रान्स, इटली भिजली होती, जर्मनी कोरडंच होतं. माझे वडील उकिडवे बसून ओंजळीतलं पाणी हळूहळू त्याच्यावर सोडत होते. माझी मुलगी जर्मनीत नोकरी शोधते आहे.

"आबा, असं चालतं का?"

"तठे आपली पोर शे," ते म्हणाले.

दुष्काळाच्या वर्षीही श्रावणाच्या ढेकळाला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं.