आधी चाकांवर उतरवा

गाडी अजून धडधाकट होती आणि तिच्यासाठी चौथरा बांधून तयार! जुन्या गाड्यांच्या त्या संग्रहालयाच्या फाटकाशी, चांगला कमरेएवढा, वर चार चाकांसाठी चार खाचा. सोमवारी सकाळी फिटरमावशीने तो पाहिला आणि तिचं डोकंच फिरलं.

"ही कुणाची अक्कल?" तिने थेट साहेबांनाच गाठलं. संग्रहालय तेच चालवायचे.

"तयारी असलेली बरी, मावशी. गुरुवारी समिती येतेय. गाडी शेडपासून फाटकापर्यंत स्वतः चालत आली तर ठेवू चालती. नाही आली तर इंजिन काढायचं, रंग मारायचा आणि वर चढवायची. दोनदा तिच्या कपलिंगचं रबर फाटलंय. आता शेवटचं उरलंय."

साहेब मनाने वाईट नव्हते हो. त्यांना फक्त प्रत्येक वस्तू जागच्या जागी बसलेली आवडायची.

मावशी चौतीस वर्षं बसच्या डेपोत फिटर होती. पहिल्या दिवशी फोरमनने तिच्या हातात झाडू दिला, तर तिने तो भिंतीला टेकवला आणि पाना उचलला. खूप बोंबाबोंब झाली, पण पाना काही खाली गेला नाही. निवृत्तीनंतर महिनाभर कशीबशी घरात राहिली आणि मग इथे यायला लागली. गेल्या आठवड्यात मुलाने तिच्यासाठी खिडकीशी एक खुर्ची आणून ठेवली. गुबगुबीत, पाय वर करायची सोय असलेली. "आई, पुरे झालं आता, बस निवांत." सुनेने हौसेने उशी शिवली. मावशी त्या खुर्चीवर वाळलेले कपडे टाकायची. चौथरा पाहिला तेव्हा तिला आधी ती खुर्चीच आठवली, आणि राग आला तो दोन्हींचा मिळून आला.

गाडी म्हणजे जुना लष्करी ट्रक, मावशीपेक्षा चार-सहा वर्षांनी मोठा. त्यात इंजिन एकीकडे, गिअरबॉक्स हातभर मागे, दोन्ही चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, वेगवेगळे बसवलेले. मधे कपलिंग. इंजिनाकडून एक लोखंडी तबकडी येते, गिअरबॉक्सकडून दुसरी, आणि दोघींच्या मधे रबराची जाड चकती. तबकड्या अगदी समोरासमोर हव्यात. जरा तिरक्या राहिल्या की रबर फेऱ्याफेऱ्याला पिळवटतं आणि शेवटी त्याच्या चिंध्या होतात.

आधीच्या दोन्ही वेळा साहेबांनी बाहेरून माणसं बोलावून, स्वतः उभं राहून जुळणी करून घेतली होती. ट्रक लोखंडी तिवयांवर उचललेला, खाली माणूस मांडी घालून बसेल इतका उंच. मापाचा काटा तबकडी पूर्ण फिरली तरी हलत नव्हता. साहेबांनी त्याचा फोटोही काढून ठेवला होता.

ट्रक आताही तसाच तिवयांवर होता. मावशीने फोटो पाहिला. "झकास! आता गाडी खाली घ्या."

"खाली? मग तुम्ही आत शिरणार कशा?"

"ते माझं मी बघते. आधी चाकांवर उतरवा. ती काय तिवयांवर धावणार आहे?"

जॅक सुटले, ट्रकने स्प्रिंगांवर अंग टाकलं. मावशीने टाकी भरायला लावली, सुटं चाक मागे चढवायला लावलं. राहिला ड्रायव्हर, तो गुरुवारीच येणार होता. मावशीने साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वजन किती तुमचं?"

"ब्याण्णव. का बरं?"

"बसा."

साहेब फायलीसकट ड्रायव्हरच्या जागी बसले. खरं सांगू? त्या ब्याण्णव किलोंनी चासीला फारसा फरक पडणार नव्हता. पण आठवडाभर 'बसा, बसा' ऐकून कान किटलेल्या बाईला दुसऱ्याला बसवायची संधी रोज थोडीच मिळते!

मग ती पोत्यावर आडवी होऊन गाडीखाली सरकली. गुडघ्यांनी जीव काढला, नाकावर तेल ठिबकलं. तिने कपलिंगचे बोल्ट सोडले आणि तबकड्यांमधल्या फटीत मापाची पाती घालून पाहिली.

"साहेब! चासी मधे दबलीय. वर फट कमी, खाली दुप्पट. तुमचा काटा खोटं नव्हता बोलत, तो गाडी हवेत असतानाचं सांगत होता."

साहेबांनी वर फायलीतून फोटो काढून पाहिला. मग हळूच, "पण फोटोत तर..."

"मग फोटोलाच चाकं लावा!"

पुढे दोन दिवस तेच. पितळी पत्र्याचे तुकडे कापायचे, गिअरबॉक्सच्या पुढच्या पायांखाली सरकवायचे, बोल्ट आवळायचे, तबकडी हाताने फिरवायची आणि फट पुन्हा मोजायची. तुकडा जाड झाला की काढा, घासा, परत घाला. मंगळवारी संध्याकाळी मुलगा न्यायला आला, तर त्याला आईचे नुसते पाय दिसले.

"आई, अगं हे काय वय आहे का?"

"पाय हलताना दिसतायत ना? मग जा घरी."

बुधवारी दुपारी एकच पातं चारही बाजूंना सारखंच अडकत सरकलं. तिने रबर बसवायच्या आधी सगळं पुन्हा एकदा मोजलं. भीती वाटत होती तिला, का नाही वाटणार! रबर फाटलं असतं तर गाडी कायमची चौथऱ्यावर गेली असती आणि लोक म्हणाले असते, म्हातारीने उगाच हट्ट केला.

गुरुवारी समिती आली. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं तशी धुरामुळे दोघा-तिघांनी नाकाला रुमाल लावले. ट्रक हलला. मावशी बाजूने कान देऊन चालत होती. आधी दोन्ही वेळा पन्नासेक पावलांवर खडखडाट सुरू झाला होता. पन्नास झाली, साठ झाली, आवाज एकसारखा. फाटक आलं. ड्रायव्हरचा पाय ब्रेककडे गेला.

"खबरदार थांबलास तर!" मावशी ओरडली. "त्या चौथऱ्याभोवती घे!"

एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसरीला साहेबच धावत आले. "मावशी, कळलं हो! चालतीच ठेवतोय! लिहून देतो!"

तेव्हा कुठे तिने ट्रक शेडकडे पाठवला. मग जेवणाचा डबा घेतला, चौथऱ्यावर चढली आणि पाय खाली सोडून मस्त बसली. मुलगाही बघायला आला होता. तो अवघडून जवळ आला.

"आई, तिथे काय बसतेस? तो गाडीसाठी बांधलाय ना?"

"गाडीला बसायला वेळ नाही," मावशीने डबा उघडला. "आणि मलाही दहाच मिनिटं आहेत. मागचे ब्रेक उघडायचेत."