बाबांच्या खिशावरची पट्टी

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. सांगणार तरी कशी? आमच्याच साखरपुड्याची गोष्ट आहे ती.

आधी आईबद्दल सांगते. टाळतेय — कळतंय मला. पण ती कळल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

बाबांचा मार्केट यार्डात गुळाचा गाळा होता. तो विकला, पुढे बाबांना स्मृतिभ्रंश झाला, आणि रोज सकाळी ते 'लिलावाला' निघायला लागले. सदाशिव पेठेतल्या आमच्या फ्लॅटला बाहेरून कुलूप घाला, असं जो तो सांगायचा. आई म्हणाली, "कोंडायला ते काय गुरं आहेत?" तिनं दाराला घंटा बांधली. इस्त्रीवाल्याला, केमिस्टला, रिक्षा स्टँडवर सगळ्यांना बाबांची ओळख करून दिली. घंटा वाजली की ही चपला घालून तयार — "चला, मलाही गूळ बघायचाय." पेठेत एक चक्कर झाली, भूक लागली, की स्वारी आपणहून घरी. गाळा विकलाय, हे तिनं त्यांना एकदाही ऐकवलं नाही. एवढा धीर आणायचा कुठून, सांगा ना?

आणि ती पट्टी. आई साड्यांना फॉल लावून द्यायची. साडी विरेल, पण हिचा टाका सुटायचा नाही, असं बायका म्हणायच्या. बाबांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशावर तिनं पांढरी पट्टी शिवली होती — लाल दोऱ्यात बाबांचं नाव आणि तिचा मोबाइल नंबर. तीही बाहेरून, चांगली ठसठशीत. "आतून लावली तर बघणार कोण?"

साखरपुड्याच्या नव्या झब्ब्यावरही तिनं ती लावली. मोतिया रंगाचा झब्बा, आणि त्यावर ती लाल अक्षरं...

मला लाज वाटली. हो, लाजच. बाबांचं दुखणं सासरी मोघम माहीत होतं. पण फोटोत? सगळ्या पाहुण्यांसमोर?

कार्यालयाच्या खोलीत मी आणि बाबा दोघंच होतो. मी मेकअपच्या पेटीतली छोटी कात्री घेतली. बाबांनी शहाण्या मुलासारखी छाती पुढे केली. वर म्हणाले, "छान दिसतेस हं, शुभा." मी पट्टी पर्समध्ये टाकली. पाहणारे एकटे बाबा, आणि तेही विसरून जाणारे — हेसुद्धा माझ्या मनात आलं होतं. आलं होतंच.

आई पाहुण्यांत होती. आज जरा निर्धास्त होती. पट्टी आहे ना! पंगत बसली आणि बाबा दिसेनात.

सगळे कार्यालयाभोवतीच्या गल्ल्या पालथ्या घालत होते. फोन वाजेना, तेव्हा आई म्हणाली, "मार्केट यार्डात चला." बाबा तिथे एका दुकानाच्या पायरीवर बसलेले. एक चप्पल नाही, अंगठा फुटून रक्त आलेलं. गाडीखाली कसे आले नाहीत, देव जाणे. दुकानदारानं त्यांना पाणी दिलं होतं, सावलीत बसवलं होतं. आईला म्हणाला, "अहो बाई, खिशात एक नंबर ठेवायला काय होतं? दुपारपासून विचारतोय, आपल्या जुन्या गाळ्याचंच नाव सांगतायत."

आईनं बाबांच्या खिशावरून हात फिरवला. "होता हो. माझाच टाका उसवला."

मी शेजारी उभी होते. पर्स माझ्या खांद्याला होती.

त्यानंतर तिनं फॉल लावणं बंद केलं. बायका साड्या घेऊन यायच्या, ती परत पाठवायची — "आता हात राहिला नाही माझा." बाबांच्या सदऱ्यावर ती अजून पट्टी शिवते. हातानं शिवते, वर मशीन मारते, आणि रोज सकाळी ओढून ओढून बघते. घंटा, चपला, पेठेची चक्कर — सगळं तसंच चालू आहे, आणि बाबा पुन्हा कधी हरवले नाहीत. विश्वास उडाला तो फक्त तिचा स्वतःच्या हातावरचा.

गेल्या आठवड्यात माझ्या लेकीच्या फ्रॉकचं बटण तुटलं. मी सवयीनं फ्रॉक आईपुढे धरला. तिनं सुई माझ्याच हातात दिली. "तूच लाव गं. माझं टिकत नाही." मी बटण लावलं.

आई, तुझा टाका उसवला नव्हता. तो मी कापला. आणि कात्रीनंसुद्धा तो लवकर तुटत नव्हता.