परिशिष्टातली पुतणी

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून डाव्या हाताला एक खोली आहे. दारावर पाटी, 'नियमपालन कक्ष'. या दारापुढून भले भले प्राध्यापक चोरपावलांनी जातात, कारण कोणाचा कुठला फॉर्म भरायचा राहिलाय हे आत बसलेल्या माणसाला तोंडपाठ असतं. त्याला सगळे पोटकलम म्हणतात.

हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण कोणी काहीही विचारलं, अगदी 'चहा घेणार का?' एवढं जरी विचारलं, तरी तो चष्मा वर सरकवून म्हणायचा, "त्याला एक पोटकलम आहे." चौतीस वर्षांत नाव असं चिकटलं की पगारपत्रकावरचं खरं नाव वाचून नवा कारकून विचारायचा, "हे गृहस्थ कोण?" अंगाने तो काटकुळा, उंच, वरून जरासा वाकलेला. दुरून पाहावं तर कोणीतरी प्रश्नचिन्हाला शर्ट-पँट घातल्यासारखं वाटे.

त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे परिशिष्ट क. पूर्वी विद्यापीठात 'निवड समितीत बसणाऱ्याने उमेदवार आपला नातेवाईक असल्यास तसे सांगावे' एवढाच नियम होता. मग एका विभागप्रमुखाने साडूच्या मुलाला नोकरीला लावलं आणि पकडल्यावर छातीठोकपणे म्हणाला, "साडू कसला नातेवाईक? तो तर समदुःखी!" विद्यापीठ हसलं, पोटकलम हसला नाही. त्याने चार महिने खपून नात्यांची यादीच केली. आत्या, आतेभाऊ, मावसबहीण, चुलतसासरा, व्याही, विहीण, नणंदेचा दीर, दिराची मेहुणी. एकूण त्रेचाळीस. वर 'सावत्र व दत्तक यांसह' असा शेरा. व्यवस्थापन परिषदेने यादी मंजूर केली, तेव्हा कुलसचिव म्हणाले, "बाबा रे, आता रस्त्यावरचा कोणीही माणूस आमचा कोणीतरी निघेल."

दर वर्षी सहाशेच्या वर लोक हा फॉर्म भरून त्याच्याकडे देत. कोणाची भाची कुठे शिकते, कोणाचा मेहुणा कुठल्या विभागात चिकटलाय, सगळं त्याला ठाऊक. लोकांची नाती मोजणाऱ्या या माणसाच्या घरी मात्र चहाचा दुसरा कप लागत नसे. लग्न झालं नव्हतं, आईवडील गेले होते. घरात दोन खुर्च्या होत्या, त्यातली एक वर्तमानपत्रांनी अडवलेली. कुकरची शिट्टी झाली की तो बाहेरच्या खोलीतून "आलो, आलो" म्हणायचा. रविवारी दिवसभरात तोंडातून निघालेला हा एवढाच शब्द असायचा.

भाऊ होता. थोरला. तासाभराच्या अंतरावर, जन्मल्या घरीच राहायचा. पण चोवीस वर्षं बोलणं नव्हतं.

तेव्हा पोटकलम प्रवेश विभागात अर्ज स्वीकारायला बसे. वहिनींना शिक्षिकेचा अभ्यासक्रम करायचा होता. अर्ज घ्यायची मुदत पाचची. दादा अर्ज घेऊन आला पाच वीसला, सायकल पंक्चर झाली म्हणून अर्धा रस्ता पळत. खिडकीच्या आत हा, हातात शिक्का. दादा धापा टाकत म्हणाला, "घे रे." हा म्हणाला, "मुदत संपली, दादा." दादाला आधी चेष्टाच वाटली. मग त्याने भावाकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तू माणूस आहेस की तो हातातला शिक्का?" पुढच्या वर्षी वहिनींची वयोमर्यादा उलटली. त्या काही शिकल्या नाहीत, आणि दादाने याचं नाव टाकलं. दादाला तेव्हा चार वर्षांची एक मुलगी होती. खिडकीबाहेर ती बापाचं बोट धरून उभी होती आणि आत काय आहे ते बघायला टाचा उंचावत होती.

तर यंदा सहायक प्राध्यापकाच्या एका जागेसाठी अकरा अर्ज आले. निवड समितीचा सचिव म्हणून ते तपासताना नवव्या अर्जावर पोटकलमचा हात थांबला. वडिलांचं नाव दादाचं. पत्ता जन्मल्या घराचा. फोटोत अठ्ठावीस वर्षांची एक बाई सरळ त्याच्याकडे पाहत होती आणि तिचं नाक त्याच्या आईचं होतं.

आडनाव असं की दगड मारला तर त्याच आडनावाच्या माणसाला लागेल. कोणालाही संशय आला नसता. गप्प बसलं की झालं. मुलाखतीच्या खोलीत पंचवीस मिनिटं तिच्यासमोर बसता आलं असतं. कशी बोलते, कशी हसते, एवढं बघता आलं असतं. त्याला आणखी काही नको होतं. दोन दिवस त्याने ती फाईल टेबलाच्या या टोकावरून त्या टोकाला नेली. तिसऱ्या दिवशी तो विधी अधिकाऱ्यांकडे गेला. या बाईंना सगळे वकीलबाई म्हणत.

"एक काल्पनिक प्रश्न आहे," तो म्हणाला. "समजा, एका माणसाची पुतणी उमेदवार आहे..."

"तुमची?"

"काल्पनिक म्हटलं ना मी."

"अहो पोटकलम, चौतीस वर्षांत तुम्ही काल्पनिक असं काही बोलला नाहीत. बरं, बोलणंचालणं आहे का तिच्याशी?"

"चोवीस वर्षांत नाही. ओळखतसुद्धा नाही ती."

"मग कशाला जाहीर करता? संबंधच नाही."

"संबंध नाही, पण नातं आहे. परिशिष्टात नातं लिहिलंय. अनुक्रमांक एकोणीस."

"आणि परिशिष्ट कोणी लिहिलं?"

"मीच."

"भोगा मग!" वकीलबाई म्हणाल्या. पण तो जाताना त्यांनी त्याला थांबवून घोटभर चहा पाजला, आणि त्याने तो पोटकलमाविना घेतला.

मुलाखतीच्या दिवशी त्याने फॉर्म भरला. पुतणी, एक. नियम असा, की संबंधिताने त्या उमेदवाराच्या वेळी कक्षाबाहेर जावे आणि निकाल जाहीर होईपर्यंत उमेदवाराशी कोणत्याही प्रकारे संपर्क करू नये. आता समिती कोणालाही आत बोलावण्याआधी दहा मिनिटं त्याच्या अर्जावर चर्चा करते. नियमानुसार बाहेर जायचं ते या चर्चेच्याही आधी. पोटकलम कागद आवरून उठला, दार उघडून बाहेर आला आणि जागच्या जागी थिजला.

बाहेर एकच बाक होता आणि बाकावर पुतणी बसली होती.

नियम करणाऱ्याने संबंधिताला बाहेर काढलं होतं खरं, पण उमेदवार त्या वेळी कुठे असतो याचा विचारच केला नव्हता. नियम करणारा अर्थात तोच. परिषदेतल्या एकवीस विद्वानांनाही ते सुचलं नव्हतं. गुडघे दुखत होते, खालच्या मजल्यावर जावं तर सचिवाने हाकेच्या अंतरावर राहावं असा आणखी एक नियम. तो बाकाच्या पार टोकाला, अर्धा बाहेर लोंबकळत बसला.

"काका, आत खूप वेळ लागतो का हो?" तिने विचारलं.

दुकानदारालाही लोक काकाच म्हणतात, हे त्याला माहीत होतं. तरी त्याने तो शब्द मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिला. तो छताच्या पंख्याकडे बघत राहिला.

तिला वाटलं, बिचाऱ्याला ऐकू येत नसेल. ती मोठ्याने ओरडली, "वेळ लागतो काऽऽ?"

कोपऱ्यातला शिपाई दचकून जागा झाला. पोटकलम पंख्याची पाती मोजत होता. तीन होती. पुन्हा मोजली, तरी तीनच.

तिने नाद सोडला आणि मांडीवरचे कागद लावायला घेतले. वाकून, ओठ मुडपून, दादा सायकलची चेन बसवताना मुडपायचा तसे. पोटकलमने बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण ज्या डोळ्यांनी चौतीस वर्षं कागदच तपासले, ते कागद दिसल्यावर काय करणार? मुलाखतीत द्यायची, अनुभवाच्या दाखल्याची प्रत. खाली 'खरी प्रत' असा शिक्का. शिक्क्याखाली उमेदवाराची सही हवी. सही नव्हती. बिनसहीची प्रत धरायची नाही. दाखला धरला नाही तर अनुभव नाही. अनुभव नाही तर उमेदवार अपात्र. कुलसचिव एकेक पान बोट ठेवून बघतात, हेही त्याला माहीत होतं.

दार कधीही उघडलं असतं. डोळ्यांपुढे ती प्रवेशाची खिडकी आली आणि खिडकीपलीकडचा धापा टाकणारा दादा. पंखा रखडत फिरत होता. आत कोणीतरी खाकरलं.

"तिसरं पान," पोटकलम पंख्याला म्हणाला. "खाली सही राहिलीय."

"अं?" तिने पान उलटलं. "बापरे! आणि माझं पेन... पेन कुठे गेलं?"

त्याने खिशातलं पेन काढून दिलं. म्हणजे गुन्हा केला तो केला, वर हत्यारही पुरवलं. तिने सही केली, त्याच क्षणी दार उघडलं आणि ती त्याचं पेन घेऊनच आत गेली.

पंचवीस मिनिटांनी ती बाहेर आली. पेन परत देत म्हणाली, "थँक यू, काका. तुम्ही नसतात तर घालवलंच होतं मी सगळं." आणि जिना उतरून गेली. तिच्या चपलांचा आवाज खालच्या मजल्यावर विरेपर्यंत तो ऐकत राहिला.

मग आत जाऊन तो समितीसमोर उभा राहिला. "माझ्याकडून नियमभंग झालाय. मी उमेदवाराशी बोललो. पाच शब्द."

"अहो, काय बोललात?" कुलसचिव घाबरले.

त्याने सांगितलं.

"हात्तिच्या! आमचा शिपाई रोज दहा जणांना सांगतो हे!"

"शिपाई तिचा काका नाही," पोटकलम म्हणाला आणि स्वतःविरुद्ध अर्ध्या पानाची तक्रार लिहून त्याने रीतसर पोच घेतली.

प्रकरण गोपनीय म्हणून परिषदेपुढे गेलं. वकीलबाईंनी मत दिलं की चूक सांगणाऱ्याची आहे, ऐकणारीची नाही. नेमणूक गुणांवर झाली, ती कायम. सचिवाला मात्र लेखी ताकीद. आणि नव्या उमेदवाराचा दोन वर्षांचा परिवीक्षा काळ संपेपर्यंत त्याने तिच्याशी संपर्क करू नये. पोटकलमच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

ती रुजू झाली. त्याच जिन्याने रोज वर येऊ लागली. पहिल्या दिवशी त्याला पाहून तिचा चेहरा खुलला. "नमस्कार, काका! ओळखलंत का?" पोटकलम भिंतीवरची अग्निशमनाची सूचना वाचू लागला. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा नमस्कार केला. तिला वाटलं असेल, स्वारी विसरभोळी आहे. तिच्या विभागातल्या कोणीतरी तिला सांगितलं, "अगं, तो असाच आहे. माणूसघाणा." तिसऱ्या आठवड्यात तिने नमस्कार करणं सोडलं. तरी पोटकलम सव्वादहाला, ती यायच्या वेळी, काही ना काही काम काढून जिन्यापाशी जात राहिला आणि सूचना वाचत राहिला. आग लागली असती तर सगळ्या विद्यापीठात तो एकटाच वाचला असता.

एक दिवस वकीलबाईंनी त्याला तिथेच गाठलं. "तुम्ही तो ताकिदीचा ठराव वाचलात का नीट?"

"वाचलाय. मसुद्यात त्रुटी आहे," पोटकलम खालच्या आवाजात म्हणाला. "त्यात 'उमेदवाराशी' एवढंच लिहिलंय. 'उमेदवाराच्या कुटुंबीयांशी' हे राहिलंय. दुरुस्त करायला हवं."

"मसुदा कोणी केला?"

"तुम्ही."

"मग त्रुटी राहिलीय की ठेवलीय, हे मला विचारा ना." वकीलबाई वैतागून म्हणाल्या. "चौतीस वर्षं लोकांच्या पळवाटा बुजवल्यात. कोणीतरी तुमच्यासाठी एक ठेवली, तर तिथेही सिमेंट घेऊन धावताय!"

पोटकलमने सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग खोलीत जाऊन त्याने बुधवारच्या रजेचा अर्ज लिहिला. बुधवारी तिचे चार तास असतात, ती घरी असण्याची शक्यता नाही, हे सूचना फलकावर सर्वांसाठी लावलेल्या वेळापत्रकावरून त्याने खात्री करून घेतलं होतं.

दार दादाने उघडलं. केस सगळे पांढरे. त्याने भावाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दार अडवूनच उभा राहिला.

"काय काम आहे?"

वाटेत जुळवलेली वाक्यं पोटकलमच्या डोक्यातून उडून गेली. "तिची... तिची सही राहिली होती एका पानावर," तो म्हणाला.

"हो. कोणी म्हाताऱ्याने सांगितलं म्हणाली. आता ओळखसुद्धा दाखवत नाही म्हणे."

"तो मी."

दादाने दारावरचा हात काढला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "नियमात बसतं का ते?"

"नाही," पोटकलम म्हणाला, आणि पिशवीतून एक लिफाफा काढून त्याने पुढे केला. "ताकीद मिळाली."

"तुला?"

"लेखी."

दादाने कागद उघडला. उंबऱ्यावरच्या उजेडात, हात लांब करून, जावक क्रमांकापासून त्याने तो वाचायला घेतला. शेवटच्या सहीपर्यंत पोचल्यावर पुन्हा पहिल्या ओळीवर गेला. मग मान मागे वळवून त्याने हाक मारली, "अगं ए, बाहेर ये जरा. चष्मा घेऊन ये. याला ताकीद मिळालीय!"

आत भांड्यांचा आवाज थांबला. वहिनी ओले हात पुसत बाहेर आल्या. पोटकलमकडे त्यांनी पाहिलं नाही. नवऱ्याच्या हातातून कागद घेतला, चष्मा लावला, भिंतीला टेकल्या आणि एकेका शब्दावर बोट ठेवून सावकाश वाचू लागल्या.

दादा दारातून बाजूला झाला होता. पण 'ये' असं अजून कोणी म्हटलं नव्हतं. पोटकलम बाहेरच उभा राहिला, पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून, वहिनींचं वाचून होण्याची वाट बघत.