बटण बंद, तरी दिवा

बाथरूममध्ये नवा एलईडीचा दिवा लावला, तर बटण बंद करूनही तो मिणमिणत राहायचा. घाबरून मी उमेळ्याच्या एका वायरमनना बोलावलं. नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्यांनी भिंतीला तळवा नाही, हाताची मागची बाजू टेकवली आणि झटकन मागे घेतली.

"भिंतीत पानी उतरलंय. करंट फुटलाय," ते म्हणाले. "साधा बल्ब एवढ्याशा करंटवर पेटत नाय. हा पेटतो, म्हणून तुम्हाला कळलं."

"नाहीतर?"

बादलीत खेळणाऱ्या माझ्या मुलीला त्यांनी हाताला धरून बाहेर आणलं.

"आमच्याकडे साधाच बल्ब होता," एवढंच बोलून ते मेन स्विच बंद करायला गेले.

दुपारपर्यंत त्यांनी नवी वायर ओढून दिली. पुढचं विचारायची माझी हिंमत झाली नाही.